कॅच सुटला की सोडला?

4 सप्टेंबर 2022 च्या रात्री दुबईत भुवनेश्वर कुमारने 19वं षटक टाकलं आणि त्यात 19 धावा गेल्या. आता खरं सांगा, हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काही उभं राहिलं का? माझ्याही राहिलं नव्हतं. हा लेख लिहायचा म्हणून जुना धावफलक उघडला तेव्हा ते षटक मला नव्याने कळलं. तोपर्यंत त्या रात्रीची माझी सगळी आठवण एकाच चेंडूची होती. रवी बिश्नोईची गोलंदाजी, आसिफ अलीचा आडवा फटका, हवेत चढलेला चेंडू, शॉर्ट थर्ड मॅनला उभा असलेला अर्शदीप सिंग, त्याच्या हातात येऊन निसटलेला कॅच आणि संतापलेला रोहित शर्मा.

आशिया चषकातला सुपर फोरचा सामना, समोर पाकिस्तान. आपल्या 181 झाल्या होत्या. तीन षटकं उरली तेव्हा त्यांना 34 हव्या होत्या. बिश्नोईच्या त्या 18व्या षटकात कॅच सुटूनही 8च धावा गेल्या. राहिल्या 12 चेंडूंत 26. मग भुवनेश्वरचं ते षटक झालं, आणि शेवटच्या षटकात वाचवायला अर्शदीपच्या हाती 7 धावा उरल्या. त्याने सामना पाचव्या चेंडूपर्यंत ओढला, वर त्याच आसिफ अलीला पायचीतही केलं. शून्यावर जीवदान मिळालेल्या आसिफने 8 चेंडूंत 16 केल्या होत्या. 16 धावा थोड्या नाहीत, टी-ट्वेंटीत सामना तेवढ्यात फिरतो. पण 19 हा आकडा 16 पेक्षा मोठा असतो हे सांगायला गणिताचे मास्तर लागत नाहीत. मोहम्मद नवाझने 20 चेंडूंत ठोकलेल्या 42 तर या हिशेबात कुणी धरतच नाही.

भुवनेश्वरला शिव्या घाला असं मला सुचवायचं नाही. तोही त्या रात्री जीव तोडूनच टाकत होता. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. एका सामन्यात अडीचशेच्या आसपास चेंडू पडतात, बावीस माणसं खेळतात, आणि हरल्यावर आपण त्यातला एक क्षण आणि एक माणूस निवडतो. ही निवड आपण कशी करतो? महागडं षटक हे चोरपावलांनी घरात शिरलेल्या पाण्यासारखं असतं, नेमकं कुठून आलं ते दाखवता येत नाही. कॅच दाखवता येतो. टीव्हीवर तो दहा वेळा, चार कोनांतून, संथ करून दाखवतात. संथ केलेल्या चित्रात प्रत्येक कॅच सोपा दिसतो, कारण बघणाऱ्याला भरपूर वेळ मिळालेला असतो.

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो पाऊस पडला त्यात माझाही एक थेंब होता. एक विनोद मी पुढे ढकलला. मजकूर इथे देत नाही. धर्माबद्दल त्यात काही नव्हतं, एवढंच समाधान मी तेव्हा करून घेतलं. पण आमच्या त्या पांचट विनोदांच्या आडोशाने काय चाललं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. विकिपीडियावरच्या अर्शदीपच्या पानात कुणीतरी त्याचं नाव खलिस्तानशी जोडून ठेवलं होतं. केंद्र सरकारला विकिपीडियाकडे खुलासा मागावा लागला. मुलगा तेव्हा 23 वर्षांचा होता.

आपल्या भाषेत एक सोय आहे. कॅच ‘सुटतो’ आणि कॅच ‘सोडतात’. रविवारी सकाळी मैदानावर माझ्या हातून चेंडू पडला की मी घरी येऊन सांगतो, ‘एक कॅच सुटला यार.’ सूर्य डोळ्यांवर होता, चेंडू फिरला, काहीतरी झालं आणि सुटला. त्यात मी जवळजवळ नसतोच. दुसऱ्याच्या हातून पडला की मात्र, ‘त्याने कॅच सोडला.’ एका काना-मात्रेने कर्ता उभा राहतो. आणि एकदा कर्ता उभा राहिला की त्याच्या डोक्यात काय होतं हे शोधायला वेळ लागत नाही. सोडला, मग का सोडला, मग मुद्दाम सोडला, मग किती घेतले. गल्लीतल्या टपरीवर हा प्रवास एका कटिंगमध्ये पूर्ण होतो. मी तो होताना पाहिलाय, त्यात सामीलही झालोय.

हॉकीतले मीर रंजन नेगी हा प्रवास सोसलेला माणूस. 1 डिसेंबर 1982, दिल्ली, आशियाई खेळांची अंतिम लढत. पाकिस्तानने आपल्याला 7-1 असं हरवलं. नेगी गोलरक्षक होते. सात गोल जाळीत जातात तेव्हा बचावफळी कुठे होती, मधली फळी कुठे होती, एक गोल मारून सगळेच पुढे धावले का, हे प्रश्न हॉकी कळणाऱ्याला पडायला हवेत. पण गोलरक्षक एकटा उभा असतो, त्याला नाव असतं, चेहरा असतो. नेगी विकले गेले अशी आवई उठली आणि ती वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरत राहिली. पुढे 1998 मध्ये बँकॉकला भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघाच्या गोलरक्षकांना घडवणारे प्रशिक्षक नेगीच होते.

‘सोडला’ पासून ‘मुद्दाम सोडला’ पर्यंतचं अंतर सगळ्यांसाठी सारखं नसतं. काहींच्या बाबतीत ते आधीच कापलेलं असतं. 24 ऑक्टोबर 2021, पुन्हा दुबई, पुन्हा पाकिस्तान. आपल्या 151 धावा त्यांनी एकही गडी न गमावता 17.5 षटकांत पार केल्या. आपल्या पाच गोलंदाजांनी मिळून शून्य बळी घेतले होते. शून्याची वाटणी कशी करायची हा खरं तर अवघड प्रश्न. पण लोकांनी चुटकीसरशी ती केली आणि पाचांपैकी मोहम्मद शमीला पाकिस्तानात धाडलं. त्याच वर्षी 4 ऑगस्टला टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला महिला हॉकी संघ उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून 2-1 असा हरला. वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या रोशनाबादमधल्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, संघात दलित पोरी भरल्या म्हणून हरलो असं ओरडले. वंदनाची त्या सामन्यात कुठली चूकसुद्धा नव्हती. चारच दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्या मे महिन्यात तिचे वडील गेले आणि शिबिरात अडकल्यामुळे तिला शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं.

इंग्लंडही यात मागे नाही. 2021 च्या जुलैत युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकवणारे रॅशफोर्ड, सँचो आणि साका तिघेही कृष्णवर्णीय होते. सामना संपल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं ते जगाने पाहिलं. तेव्हा ‘हा फक्त खेळावरचा राग आहे’ असं कुणी म्हटलं की मला एकच विचारावंसं वाटतं: मग शिव्या बॅटिंगला, बोलिंगला, फिल्डिंगला का नाहीत? त्या जातीला, धर्माला, कातडीला कशा? हार हे निमित्त असतं. जे बोलायचं आधीपासून घशात अडकलेलं असतं, त्याला हारीने वाट मिळते.

हे एवढंच असतं तर लेख इथे संपला असता. पण जात-धर्माचा काहीही संबंध नसताना, ज्याला आपण डोक्यावर घेऊन नाचलो त्याचंही आपण हेच करतो, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचंच आहे.

अजित वाडेकर. 1971 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये जाऊन मालिका जिंकली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जाऊन जिंकली. मुंबईत मिरवणूक निघाली. इंदूरकरांनी तर काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली, त्यावर खेळाडूंची नावं कोरली. विजय बल्ला म्हणतात तिला. 1972-73 मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावरही हरवलं, म्हणजे ओळीने तीन मालिका. मग आलं 1974. लॉर्ड्सवर इंग्लंडने 629 केल्या, आपण पहिल्या डावात 302 केल्या आणि फॉलोऑननंतर 17 षटकांत 42 वर आटोपलो. ओल्डने पाच घेतले, अर्नोल्डने चार. चंद्रशेखरच्या अंगठ्याला दुखापत होती, तो फलंदाजीला आलाच नाही. एकनाथ सोलकर एका बाजूला 18 वर नाबाद राहिला. मालिका 3-0 अशी गेली.

42 ही काही एका माणसाची कमाई नव्हे. तिला ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, स्विंग होणारा चेंडू आणि नऊ फलंदाज लागतात. पण वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी काळं फासलं. तीन वर्षांपूर्वी ज्या हातांनी हार घातले असतील त्यांतलेच काही हात डांबराच्या डब्यात गेले असतील, गाव तेच होतं. मग पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं आणि ते निवृत्त झाले. एका दौऱ्यापूर्वी देशातला सर्वांत यशस्वी कर्णधार असलेला माणूस पुन्हा कसोटी खेळला नाही.

या गोष्टीला एक शेपूट आहे. 13 मार्च 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली तेव्हा भारतीय संघाचे व्यवस्थापक वाडेकरच होते. श्रीलंकेने 252 चं लक्ष्य दिलेलं. 1 बाद 98 वरून आपण 8 बाद 120 वर आलो. सचिन 65 वर यष्टिचीत झाला आणि मागोमाग रांग लागली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. रडत परतणारा विनोद कांबळी सगळ्यांना आठवतो. ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या वाडेकरांच्या मनात त्या वेळी काय आलं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. दगडांशी त्यांची जुनी ओळख होती.

आता दुसरी बाजू, कारण मी काही मैदानावर मौनव्रत पाळा म्हणणाऱ्यांतला नाही. राग यायलाच हवा. ज्याला राग येत नाही तो सामना बघत नसतो, टीव्ही चालू ठेवून जेवत असतो. 6 एप्रिल 2014 ला ढाक्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. युवराज सिंग 21 चेंडूंत 11 वर अडकला होता, पलीकडे कोहली 77 करून तडफडत होता. तेव्हा मी घरात मोठ्याने ओरडत होतो, ‘अरे बाबा, आउट तरी हो!’ 2011 च्या विश्वचषकात स्पर्धेचा मानकरी ठरलेला, मग कर्करोगाशी झुंजून परतलेला हा माणूस, त्याला मी बाद व्हायला सांगत होतो. याची मला आजही लाज वाटत नाही. त्या षटकांपुरतं ते बरोबरच होतं, धोनी आत बसला होता. दुसऱ्या दिवशी चंदीगडला युवराजच्या घरावर दगड पडल्याची बातमी आली तेव्हा मात्र पोटात कालवलं. तो दगड आणि माझं ओरडणं यात नातं नाही असं म्हणून मी मोकळा होऊ शकतो. पण भिंत कुठे आहे हे मला सांगता यायला हवं.

मला ती भिंत आपल्याच शिमग्यात सापडते. कोकणातल्या गावांत शिमग्याला बोंब मारतात, फाका घालतात, ऐकवत नाहीत अशा शिव्या देतात. खोतालाही देतात, सावकारालाही देतात. त्याला मुभा असते. पण मुभेला हद्द असते: होळीभोवती, त्या दिवसांपुरती, सगळ्यांदेखत, आणि स्वतःच्या तोंडाने. शिमगा झाला की ज्याच्या नावाने बोंब मारली त्याच्याच ओटीवर माणसं पान खायला बसतात. मैदानातली हुर्यो मला त्या जातीची वाटते. मार्च 2006 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 21 चेंडूंत 1 करून सचिन परतला तेव्हा मुंबईकरांनी त्याचीही हुर्यो उडवली होती. ऐकून अनेकांना आजही धक्का बसतो. मला नाही बसत. तिकीट काढून, उन्हात बसून, समोरासमोर, संध्याकाळी संपणारी ती नाराजी होती.

आपली म्हण मात्र पुढचं सांगते: शिमगा गेला तरी कवित्व उरतं. आजची अडचण या उरलेल्या कवित्वाची आहे. ते रात्री दोन वाजता खेळाडूच्या फोनवर पोचतं, त्याच्या आईच्या फोटोखाली पोचतं. शमीवर धर्मावरून तुटून पडणाऱ्यांना विराट कोहलीने 30 ऑक्टोबरला पत्रकार परिषदेत खडसावलं, तर त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला बलात्काराची धमकी आली. मुंबई पोलिसांनी त्या प्रकरणी हैदराबादहून एका उच्चशिक्षित तरुणाला अटक केली. अडाणी जमाव, भडक माथी वगैरे स्पष्टीकरणं इथे चालत नाहीत. शिवी देणारा शिकलेला आहे, एकटा आहे, खोलीत एसी लावून बसलेला आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘कोट्यवधी घेतात ना, मग ऐकून घ्या.’ मलाही हे काही काळ पटत होतं. पण वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत होते. त्या काळी कसोटी खेळून कुणी बंगले बांधले नाहीत, तरी दगड चुकले नाहीत. वंदना कटारियाच्या घराकडे बघून कुणी तिला कोट्यधीश म्हणणार नाही. 1982 च्या नेगींना काय मिळत होतं? म्हणजे पैसा हे रागाचं कारण नाही, रागाला नंतर चढवलेला कोट आहे.

पैशाचा संबंध आहे तो दुसरीकडून, बघणाऱ्याच्या खिशातून. पूर्वी संघ हरला की आपण हळहळायचो, फार तर चहाची पैज हरायचो. मग मोबाइलवर स्वतःचा संघ लावून पैसे गुंतवायची सोय झाली आणि फलंदाज शून्यावर बाद झाला की सरळ आपले 500 रुपये गेले. त्या क्षणी तो आवडता खेळाडू राहत नाही, बुडवणारा माणूस होतो. टेनिसमध्ये याचं मोजमाप झालंय. 2024 मध्ये खेळाडूंना आलेल्या शिवीगाळीच्या आणि धमक्यांच्या सुमारे 8,000 संदेशांपैकी 40 टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते, असं महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या अहवालात आलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. त्या कायद्याबद्दल वेगळे वाद आहेत, पण माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांची आयपीएल बघतानाची भाषा तरी पुढच्या हंगामात सुधारेल, अशी मला आशा आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र शिव्यांच्या नंतरचं. आपण माफ कसं करतो ते.

2024 च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं होतं. त्यात हार्दिकची चूक म्हणावी असं काही नव्हतं, निर्णय मालकांचा. तरी वानखेडेवर 1 एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी इतकी हुर्यो झाली की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. ही हुर्योही मघाशी म्हटलेल्या हद्दीतली, मी तिला फार नावं ठेवणार नाही. ती एका संध्याकाळीत संपली नाही, संपूर्ण हंगामभर चालली, हा भाग वेगळा. मग 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, 16 धावा वाचवल्या, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ चा गजर झाला. वर्तमानपत्रांनी याला प्रेमाचा विजय म्हटलं तर नवल नाही. मला त्यात सावकारी दिसते. मुद्दल व्याजासकट परत आलं, मग चिठ्ठी फाडली.

त्याच षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा तो झेल टिपला नसता तर? चेंडू षटकार म्हणून पलीकडे गेला असता तर? हार्दिक तोच असता, मेहनत तीच असती, चेंडू तोच असता. आपण काय केलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. अर्शदीपचंही तेच. त्याच स्पर्धेत त्याने 17 बळी घेतले, फझलहक फारूकीच्या बरोबरीने सर्वाधिक, म्हणून आज 2022 च्या त्या कॅचबद्दल कुणी बोलत नाही. त्याचं कर्ज फिटलं. पण कर्ज होतं कुठे? आपण त्याला काय उसनं दिलं होतं?

आणि ही सावकारी इमानदारही नाही. चेतन शर्माचा खातेउतारा काढून बघा. 18 एप्रिल 1986, शारजा, पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर 4 हव्या, यॉर्करचा फुलटॉस झाला आणि मियाँदादने तो षटकार मारला. चेतन 20 वर्षांचा होता. त्यानंतर तीन महिन्यांत त्याने इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर एका डावात पाच आणि एजबॅस्टन कसोटीत दहा बळी घेतले. भारताने ती मालिका 2-0 अशी जिंकली. पुढच्या वर्षी 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध ओळीने तीन त्रिफळे उडवून विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक केली. नागपूरकरांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. आता कुणालाही विचारा, चेतन शर्मा म्हटलं की काय आठवतं. त्याने फेडलं, दामदुप्पट फेडलं, तरी चिठ्ठी आपल्याच पेटीत.

ज्यांना फेडायची संधीच मिळाली नाही त्यांचं काय? ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा. 16 जुलै 1950, माराकाना, विश्वचषकाचा निर्णायक सामना, उरुग्वेचा घिज्जिया उजव्या बगलेने आला, बार्बोसाला वाटलं तो पास देईल, पण घिज्जियाने सरळ गोलपोस्टजवळून चेंडू मारला. ब्राझील 2-1 हरलं. बार्बोसा पुढची पन्नास वर्षं ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणून जगला. 1993 मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेट द्यायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतलं नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा 30 वर्षांची असते आणि मी 50 वर्षं भोगतोय, असं तो म्हणायचा. 2000 साली गेला. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारला तर दहा दिवससुद्धा नीट मिळाले नाहीत. 1994 च्या विश्वचषकात 22 जूनला त्याच्याकडून स्वयंगोल झाला, 2 जुलैला मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. वय 27.

कुणी म्हणेल, टोकाची उदाहरणं. असतील. पण रागाची परतफेड कामगिरीने करायची हा नियम एकदा मान्य केला की त्याच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं उभी राहणारच. माफी ही पुढच्या चेंडूवर अवलंबून असेल तर ती माफी नाही, मुदतवाढ आहे.

मग करायचं काय, हा प्रश्न मला प्रेक्षकांइतकाच संघ चालवणाऱ्यांना विचारावासा वाटतो. एका माणसाच्या डोक्यावर खापर फुटलं की बाकी सगळ्यांची डोकी वाचतात हे त्यांना चांगलं कळतं. निवड चुकली, सराव अपुरा पडला, दोन स्पर्धांमध्ये विश्रांती नव्हती, हे प्रश्न एका कॅचखाली गाडले जातात. म्हणून गप्प राहणं त्यांना परवडतं. शमीच्या बाजूने कर्णधाराने जाहीरपणे बोलायला सहा दिवस गेले. तोच कोहली अर्शदीपच्या वेळी, तेव्हा कर्णधार नसतानाही, त्याच रात्री बोलला. पाकिस्तानविरुद्धच्या आपल्या पहिल्या चॅम्पियन्स ट्रॉफी सामन्यात आफ्रिदीला वाईट फटका मारून बाद झालो, तेव्हा पहाटे पाचपर्यंत छताकडे बघत पडलो होतो, असं त्याने सांगितलं. सहा दिवस आणि एक रात्र, यातला फरक त्या खोलीत फोन घेऊन बसलेल्या पोराला विचारा. मंडळांनी हे नशिबावर सोडू नये. सामन्याच्या रात्रीच बोलावं, आणि धमकी आली तर खेळाडूने नव्हे, मंडळाने पोलिसांत जावं.

खेळाडूला त्याची चूक कळलेली नसते आणि ती आपण सांगायला हवी, हा तर आपला शुद्ध भ्रम. सांगलीच्या स्मृती मानधनाने 19 ऑक्टोबर 2025 ला इंदूरमध्येच इंग्लंडविरुद्ध 88 केल्या, 289 चा पाठलाग जवळजवळ हातात होता, आणि ती बाद झाल्यावर सामना 4 धावांनी गेला. ही पडझड माझ्यापासून सुरू झाली, असं तिने सामन्यानंतर स्वतःच सांगितलं. संघातली सर्वाधिक धावसंख्या तिचीच होती. दोन आठवड्यांनी नवी मुंबईत भारत विश्वविजेता झाला म्हणून ते वाक्य आज मोठेपणाचं वाटतं. चषक गेला असता तर तेच वाक्य तिच्याविरुद्ध कबुलीजबाब म्हणून फिरलं असतं, अशी मला दाट शंका आहे.

लेख इथवर आणला आणि मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये ‘अर्शदीप’ असं शोधून पाहिलं. सप्टेंबर 2022 चे सतरा-अठरा संदेश निघाले, माझा विनोदही निघाला, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणखी खाली सरकलो तर 29 जून 2024 ची मध्यरात्र लागली. ‘सिंग इज किंग!!!’ पाठवणारे काका तेच, ज्यांनी तेव्हा ‘याला आधी घरी पाठवा’ लिहिलं होतं. काकांच्या संदेशाला मी अंगठा दाखवलेला होता. दोन्ही वेळा.